जेरी फॉलवेल: व्यासपीठावरून मतपेटीपर्यंत

ऑक्टोबर २००२ मध्ये आपल्या सोलापुरात बंद पुकारला गेला, त्यातून हिंसाचार उसळला, माणसे मेली आणि शहरात संचारबंदी लागली. मेलेल्यांपैकी कोणीही ज्याला कधी पाहिले नव्हते, असा एक माणूस त्या बंदचे कारण होता. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या एका बाप्टिस्ट पाद्र्याने दूरदर्शनवरील मुलाखतीत इस्लामच्या प्रेषितांविषयी अत्यंत अपमानकारक विधान केले होते. त्याचे पडसाद जगभर उमटले. त्या पाद्र्याने काही दिवसांत माफी मागितली. सोलापुरात गेलेले जीव त्या माफीने परत आले नाहीत.

त्या पाद्र्याचे नाव जेरी फॉलवेल. १५ मे २००७ रोजी त्यांचे निधन झाले, त्याला आता बरीच वर्षे लोटली. आपल्याकडे त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. पण धर्माच्या व्यासपीठावरून मतपेटीपर्यंतचा रस्ता आधुनिक काळात कसा बांधला जातो हे ज्यांना समजून घ्यायचे आहे, त्यांनी या माणसाचे आयुष्य नीट पाहिले पाहिजे असे आम्हाला वाटते. शत्रू म्हणून रंगवून सोडून द्यावा इतका तो माणूस साधा नव्हता. त्यांनी शाळा काढली, विद्यापीठ उभारले, दारूत बुडालेल्यांसाठी आश्रय काढला. आणि त्याच माणसाने वर्णभेदाचे समर्थनही केले. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवूनच त्यांच्याकडे पाहावे लागेल.

लिंचबर्गचे घर

फॉलवेल यांचा जन्म ११ ऑगस्ट १९३३ रोजी व्हर्जिनियातील लिंचबर्ग या गावी झाला. जीन हा त्यांचा जुळा भाऊ. गावाचे नाव वाचून दचकायला होते, पण ते जॉन लिंच नावाच्या, नदीवर होडी चालवणाऱ्या माणसावरून पडले आहे. गाव मात्र दक्षिणेकडील इतर गावांसारखेच होते. गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या. चर्च वेगळे, वस्ती वेगळी.

वडील केरी फॉलवेल धडाडीचे व्यापारी होते. दारूबंदीच्या काळात त्यांनी चोरट्या दारूचाही धंदा केला. धर्मावर त्यांचा विश्वास नव्हता. जेरींच्या जन्माच्या दोन वर्षे आधी त्यांच्या हातून एक भयंकर घटना घडली. भावाशी झालेल्या भांडणात त्यांनी स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली आणि भाऊ मेला. त्या ओझ्याखाली ते दारूच्या आहारी गेले आणि १९४८ साली यकृताच्या आजाराने वारले. जेरी तेव्हा किशोरवयातच होते.

आई हेलन मात्र अतिशय श्रद्धाळू. रविवारी सकाळी ती घरात रेडिओ लावून ठेवायची. चार्ल्स फुलर नावाच्या प्रवचनकाराचा कार्यक्रम त्या काळी अमेरिकेत घराघरांत ऐकला जाई. मुले अंथरुणातून उठायला तयार नसत, पण आवाज कानावर पडत राही. पुढे फॉलवेल सांगत की आपल्यावर पहिला संस्कार त्या रेडिओचा झाला. घरात बसलेल्या माणसापर्यंत दुरून आवाज पोहोचवता येतो, हे ते लहानपणीच शिकले.

जानेवारी १९५२ मध्ये, महाविद्यालयात शिकत असताना, लिंचबर्गच्या पार्क अव्हेन्यू बाप्टिस्ट चर्चमध्ये त्यांनी ख्रिस्ताला आपले जीवन वाहिले. अभियंता होण्याचा विचार सोडून ते मिसुरी राज्यातील स्प्रिंगफील्डच्या बाप्टिस्ट बायबल कॉलेजात दाखल झाले आणि १९५६ साली तिथून बाहेर पडले.

शंभर दारे आणि एक मायक्रोफोन

जून १९५६ मध्ये बावीस वर्षांच्या फॉलवेल यांनी ३५ माणसांना घेऊन थॉमस रोड बाप्टिस्ट चर्च सुरू केले. जागा होती शीतपेयाच्या एका बंद पडलेल्या कारखान्याची. भिंतींना आणि जमिनीला साखरेचा पाक चिकटलेला होता, तो खरवडून काढून त्यांनी पहिली प्रार्थना घेतली.

त्यानंतर ते रोज शंभर घरांची दारे ठोठावायचे ठरवून बाहेर पडत. नाव लिहून घ्यायचे, घरात आजारी कोण आहे, अडचण काय आहे ते विचारायचे, मग पत्र पाठवायचे, पुन्हा जायचे. काही आठवड्यांतच त्यांनी स्थानिक रेडिओवर वेळ विकत घेतली आणि त्याच वर्षी दूरदर्शनवरही. पहिल्या वर्धापनदिनी चर्चमध्ये शेकडो माणसे जमली. त्यांच्या कार्यक्रमाचे नाव पुढे ओल्ड टाइम गॉस्पेल अवर असे झाले आणि तो देशभरातील शेकडो वाहिन्यांवर दिसू लागला. १९५९ साली त्यांनी व्यसनी पुरुषांसाठी एलिम होम हे निवासस्थान उघडले. ज्याचा बाप दारूने गेला त्या मुलाने हे करावे यात ढोंग होते असे आम्ही म्हणणार नाही.

चळवळीत काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी या भागाकडे नीट पाहावे. फॉलवेल यांची ताकद वक्तृत्वात होती त्याहून जास्त यादीत होती. कोण कुठे राहतो, कोणी किती डॉलर पाठवले, कोणाला कशाची भीती वाटते याची नोंद त्यांच्याकडे असे. हजारो सामान्य माणसे दरमहा छोटी रक्कम पाठवत आणि त्यावर सारा डोलारा उभा राही. या उत्साहात हिशेबाकडे दुर्लक्षही झाले. चर्चने ६५ लाख डॉलरचे रोखे विकले होते. त्यात गुंतवणूकदारांची फसवणूक झाल्याचा खटला केंद्र सरकारच्या रोखे आयोगाने १९७३ साली भरला. हेतुपुरस्सर गैरव्यवहाराच्या आरोपातून न्यायालयाने त्यांना मोकळे केले, पण चर्चचा आर्थिक कारभार काही काळ गावातील व्यापाऱ्यांच्या समितीकडे गेला.

वर्णभेदाचा प्रश्न

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राऊन खटल्यात निकाल दिला की गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना वेगळ्या शाळांत बसवणे घटनाविरोधी आहे. व्हर्जिनियाच्या राज्यकर्त्यांनी या निकालाला मोठा विरोध केला. लिंचबर्गपासून फार दूर नसलेल्या प्रिन्स एडवर्ड तालुक्यात तर कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश द्यावा लागू नये म्हणून १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे सगळ्या सरकारी शाळाच बंद ठेवल्या गेल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा उघडली. कृष्णवर्णीय मुलांची पाच वर्षे वाया गेली. पाणवठा बाटू नये म्हणून विहीरच बुजवण्याची ही रीत आपल्याला नवी नाही.

या वातावरणात १९५८ साली फॉलवेल यांनी प्रवचन दिले. सरन्यायाधीश वॉरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना देवाचे वचन ठाऊक असते तर त्यांनी असा निकाल दिलाच नसता, असा त्याचा सूर होता. देवाने रेघ ओढली असेल तिथे माणसाने ती ओलांडू नये, हा त्यांचा युक्तिवाद. विषमता माणसाने केलेली नसून ती वरून आलेली आहे असे धर्मग्रंथाच्या आधाराने सांगणे म्हणजे काय, हे या संकेतस्थळाच्या वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

२१ मार्च १९६५ हा दिवस लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्या दिवशी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली सेल्मा ते माँटगोमेरी हा मतदानाच्या हक्कासाठीचा मोर्चा निघाला. त्यात अनेक पाद्री, रब्बी आणि जोगिणी सामील झाल्या होत्या. त्याच रविवारी फॉलवेल यांनी लिंचबर्गमध्ये प्रवचन दिले. पाद्र्याचे काम आत्मे वाचवण्याचे आहे, राजकारण करण्याचे नाही. मोर्चे काढणाऱ्यांनी आपली हद्द ओलांडली आहे, असे त्यांनी बजावले. डॉ. किंग यांच्या हेतूविषयीही त्यांनी शंका घेतली.

पंधरा वर्षांनी हाच माणूस अमेरिकेतील सर्वात मोठा राजकीय पाद्री झाला. मग १९६५ चे प्रवचन चुकीचे होते असे त्यांनी जाहीर केले. आमचा प्रश्न एवढाच आहे की ही चूक त्यांना कधी कळली? कृष्णवर्णीयांना मताचा हक्क हवा होता तेव्हा धर्म राजकारणापासून दूर ठेवायचा होता. स्वतःच्या लोकांचे हितसंबंध धोक्यात आले तेव्हा धर्माने राजकारणात उतरणे कर्तव्य ठरले.

फॉलवेल यांनी आपल्या आत्मचरित्रात एक आठवण सांगितली आहे. दर शनिवारी ते एका कृष्णवर्णीय वृद्धाकडून बूट पॉलिश करून घेत. तो माणूस त्यांचे प्रवचन दूरदर्शनवर ऐकायचा आणि त्यावर त्यांच्याशी बोलायचा. एके दिवशी त्याने हळू आवाजात विचारले की मला तुमच्या चर्चचा सभासद कधी होता येईल? फॉलवेल यांच्याकडे उत्तर नव्हते. पोटात ठोसा बसल्यासारखे झाले, असे त्यांनी लिहिले आहे. तो वृद्ध पुन्हा कधी तो प्रश्न विचारत बसला नाही आणि त्या चर्चमध्येही आला नाही. फॉलवेल यांच्या आयुष्यातला हा सर्वात खरा क्षण असावा असे आम्हाला वाटते. उपदेशकाला त्याच्याच श्रोत्याने, त्याच्याच पायाशी बसून, त्याच्याच धर्माचा अर्थ विचारला होता.

पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस थॉमस रोड चर्चची दारे कृष्णवर्णीयांना उघडली. पण त्याआधी १९६७ साली फॉलवेल यांनी लिंचबर्ग ख्रिश्चन अकॅडमी ही खासगी शाळा काढली होती. सरकारी शाळांतील वर्णभेद मोडण्याचा जोर वाढला होता तोच हा काळ, आणि स्थानिक वर्तमानपत्राने तिचे वर्णन गोऱ्या विद्यार्थ्यांसाठीची खासगी शाळा असेच केले होते. शाळा वर्णासाठी काढली नव्हती, ख्रिस्ती शिक्षणासाठी काढली होती, असे फॉलवेल नंतर सांगत राहिले. काही वर्षांत तिथे कृष्णवर्णीय मुलांनाही प्रवेश मिळू लागला. तरी त्या दशकात दक्षिणेत अशा शेकडो शाळा एकाच वेळी का उगवल्या, याचे उत्तर केवळ भक्तीत सापडत नाही.

१९७१ साली त्यांनी लिंचबर्ग बाप्टिस्ट कॉलेज सुरू केले. पहिल्या वर्षी विद्यार्थी होते दीडशेच्या आसपास. तेच आजचे लिबर्टी विद्यापीठ.

मॉरल मेजॉरिटीचा जन्म

आज बहुतेक लोक असे समजतात की १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने रो खटल्यात गर्भपाताचा हक्क मान्य केला, त्याने संतापून पुराणमतवादी ख्रिस्ती लोक राजकारणात उतरले. कालक्रम पाहिला तर चित्र इतके सरळ दिसत नाही. सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन या सर्वात मोठ्या बाप्टिस्ट संघटनेने १९७१ साली काही परिस्थितींत गर्भपाताला मुभा असावी असा ठराव केला होता. फॉलवेल यांनी स्वतः गर्भपातावर पहिले प्रवचन दिले ते १९७८ साली, म्हणजे निकालानंतर पाच वर्षांनी.

दरम्यान दुसरे एक प्रकरण तापत होते. वर्णभेद पाळणाऱ्या खासगी शाळांना करमाफी मिळणार नाही असा निकाल १९७१ मध्ये न्यायालयाने दिला. बॉब जोन्स विद्यापीठात विद्यार्थ्यांना आंतरवर्णीय प्रेमसंबंधांना बंदी होती. त्या विद्यापीठाची करमाफी १९७६ साली कर खात्याने काढून घेतली. १९७८ साली खात्याने खासगी शाळांसाठी आणखी कडक नियम सुचवले तेव्हा निषेधाच्या पत्रांचा पाऊस पडला. पॉल वेरिक या राजकीय संघटकाने नंतर स्वतःच सांगितले की धार्मिक लोकांना जागे करण्याचे अनेक प्रयत्न फसले होते, शाळांच्या करमाफीच्या प्रश्नाने मात्र ते उठले. काही इतिहासकार याला पूर्ण सहमत नाहीत. गर्भपाताविरोधाची चळवळ कॅथलिकांमध्ये आधीपासून होती आणि इव्हँजेलिकल लोकांतही असंतोष साठत होता, असे ते म्हणतात. दोन्ही बाजूंत तथ्य असू शकते. पण शाळेचा आणि वर्णाचा प्रश्न त्या पायात पुरलेला आहे, हे नाकारता येत नाही.

जून १९७९ मध्ये मॉरल मेजॉरिटी या संघटनेची स्थापना झाली. नाव सुचले ते वेरिक यांना. ते कॅथलिक होते. दुसरे संघटक हॉवर्ड फिलिप्स ज्यू घरात जन्मलेले. चेहरा मात्र फॉलवेल यांचा. पिढ्यान् पिढ्या एकमेकांच्या सावलीला न उभे राहणारे बाप्टिस्ट, कॅथलिक, मॉर्मन आणि ज्यू एका राजकीय छत्राखाली आणणे हे त्यांचे मोठे कसब होते. आमच्या चर्चमध्ये या असे ते सांगत नव्हते, आमच्याबरोबर मतदान करा असे सांगत होते. कार्यक्रम ठरलेला: गर्भपाताला विरोध, समलैंगिकांच्या हक्कांना विरोध, स्त्री-पुरुष समानतेच्या घटनादुरुस्तीला विरोध, शाळांत प्रार्थना, मोठे लष्कर आणि इस्रायलला पाठिंबा. इस्रायलचे पंतप्रधान मेनाखेम बेगिन यांनी त्यांना जाबोटिन्स्की पुरस्कार देऊन गौरवले.

चर्चच्या दारात मतदार नोंदणीचे टेबल लागू लागले. लाखो नवे मतदार नोंदवल्याचा संघटनेचा दावा होता. १९८० च्या निवडणुकीत गंमत अशी होती की राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर हे स्वतः बाप्टिस्ट, रविवारच्या शाळेत बायबल शिकवणारे गृहस्थ. त्यांच्याविरुद्ध उभे होते रोनाल्ड रेगन, घटस्फोटित आणि हॉलिवूडमधून आलेले. फॉलवेल यांनी आपले वजन रेगन यांच्या पारड्यात टाकले. त्या प्रचारात त्यांनी कार्टर यांच्याशी व्हाइट हाउसमध्ये झालेल्या एका संभाषणाचा किस्सा सभेत सांगितला. ध्वनिमुद्रण बाहेर आले तेव्हा तसे संभाषण झालेच नव्हते असे दिसले. मग ती एक दृष्टांतकथा होती अशी सारवासारव त्यांनी केली.

रेगन जिंकले. सिनेटमधील मॅकगव्हर्न, चर्च, बाय यांच्यासारखे उदारमतवादी नेते पडले. मॉरल मेजॉरिटीने श्रेय घेतले आणि विरोधकांनी घाबरून ते देऊनही टाकले. प्रत्यक्षात महागाई आणि इराणमधील ओलिसांचे प्रकरण यांचा वाटा मोठा होता. फॉलवेल यांच्या कार्यक्रमाचे प्रेक्षक कोट्यवधी असल्याचे सांगितले जाई, पण प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्यांचे आकडे १५ लाखांच्या आसपासच होते. आपण आहोत त्यापेक्षा कितीतरी मोठे दिसणे हीही राजकारणातली शक्ती असते. फॉलवेल यांनी ती पुरेपूर वापरली.

सत्तेकडून त्यांना हवे ते सगळे मिळाले नाही. १९८१ साली रेगन यांनी सर्वोच्च न्यायालयावर सँड्रा डे ओ'कॉनर यांची नेमणूक केली. फॉलवेल यांनी नापसंती दाखवली तरी ती झाली. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने बॉब जोन्स विद्यापीठाविरुद्ध ८ विरुद्ध १ असा निकाल दिला. शाळांतील प्रार्थनेची घटनादुरुस्तीही झाली नाही.

दक्षिण आफ्रिका

ऑगस्ट १९८५ मध्ये फॉलवेल दक्षिण आफ्रिकेला गेले. तिथे वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले होते, आणीबाणी लागू होती, नेल्सन मंडेला तुरुंगात होते. फॉलवेल राष्ट्राध्यक्ष बोथा यांना भेटले आणि परत येऊन त्यांनी अमेरिकी ख्रिस्ती लोकांना दक्षिण आफ्रिकेची सोन्याची नाणी विकत घ्यायला सांगितले. आर्थिक निर्बंधांना त्यांनी विरोध केला. निर्बंधांनी गरीब कृष्णवर्णीयांचेच हाल होतील आणि देश कम्युनिस्टांच्या हाती जाईल, असे त्यांचे म्हणणे. कृष्णवर्णीयांचे प्रतिनिधी म्हणून बोलणारे डेस्मंड टूटू हे तोतया आहेत, असेही ते बोलून गेले. टूटू यांना आदल्याच वर्षी शांततेचे नोबेल मिळाले होते. गदारोळ झाल्यावर फॉलवेल यांनी माफी मागितली.

कोणाचे दुःख कोणी मांडायचे, हा प्रश्न इथे पुन्हा आला. १९५८ साली लिंचबर्गमधल्या कृष्णवर्णीयांचे हित वेगळे राहण्यात आहे हे गोरा पाद्री सांगत होता. १९८५ साली सोवेटोतल्या कृष्णवर्णीयांचे हित कशात आहे हेही तोच सांगत होता. पुढच्या वर्षी अमेरिकी संसदेने रेगन यांचा नकाराधिकार मोडून निर्बंधांचा कायदा केला. नऊ वर्षांत मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले.

उतरण

याच काळात एक खटला गाजला. १९८३ साली हसलर या अश्लील मासिकाने फॉलवेल यांच्यावर आणि त्यांच्या आईवर अतिशय हीन दर्जाचे विडंबन छापले. मासिकाचे मालक लॅरी फ्लिंट यांच्यावर फॉलवेल यांनी दावा लावला. फेब्रुवारी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने फॉलवेल यांच्याविरुद्ध निकाल दिला: सार्वजनिक व्यक्तीला बोचरे विडंबन सहन करावे लागेल, नाहीतर मोकळेपणाने बोलण्याचा हक्क उरणार नाही. अमेरिकी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या इतिहासात फॉलवेल यांचे नाव असे हरलेल्या पक्षकाराचे म्हणून कायमचे नोंदले गेले. नंतर मात्र हे दोघे एकत्र जाहीर वादविवाद करत फिरले आणि त्यांच्यात एक विचित्र मैत्रीही जमली.

१९८७ साली जिम बेकर या दूरदर्शनवरील दुसऱ्या धर्मप्रचारकाचे लैंगिक आणि आर्थिक घोटाळे उघड झाले. त्याची संस्था वाचवण्यासाठी फॉलवेल यांनी ती हाती घेतली. निधी जमावा म्हणून ते संस्थेच्या जलक्रीडा उद्यानात सूट घालून घसरगुंडीवरून खाली आले. ते छायाचित्र जगभर छापले गेले. काही महिन्यांत त्यांनी ती संस्था सोडली. दूरदर्शनवरच्या पाद्र्यांवरचा लोकांचा विश्वास उडाला होता, देणग्या आटल्या होत्या. १९८९ साली, काम पूर्ण झाले असे सांगून, त्यांनी मॉरल मेजॉरिटी बंद केली. लिबर्टी विद्यापीठावर तेव्हा प्रचंड कर्ज होते आणि पुढची कित्येक वर्षे ते फेडण्यातच गेली.

उत्तरायुष्यात त्यांच्या विधानांचीच बातमी होत राहिली. १९९९ साली त्यांच्या मासिकाने लहान मुलांच्या एका कार्यक्रमातील जांभळ्या बाहुल्यावर समलैंगिकतेचा प्रचार केल्याचा आरोप केला आणि जग हसले. पण त्याच वर्षी त्यांनी मेल व्हाइट यांच्या नेतृत्वाखालील समलैंगिक ख्रिस्ती लोकांच्या गटाला लिंचबर्गमध्ये बोलावले. व्हाइट यांनी पूर्वी त्यांच्या आत्मचरित्राचे लेखन केले होते आणि नंतर आपण समलैंगिक असल्याचे जाहीर केले होते. फॉलवेल यांनी मत बदलले नाही, मात्र आपल्या भाषेमुळे द्वेष पसरला असेल हे त्यांनी मान्य केले.

सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर दोनच दिवसांनी त्यांनी त्या संकटाचा दोष स्त्रीवादी, समलैंगिक, गर्भपाताचे समर्थक आणि नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्था यांच्यावर टाकला. देशाने देवाला दूर सारले म्हणून देवाने संरक्षण काढून घेतले, असा त्याचा अर्थ. पुन्हा माफी. आणि वर्षभराने ती मुलाखत, जिच्यामुळे आगीची ठिणगी सोलापूरपर्यंत आली.

सोलापूरच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. दगड उचलणारे आणि शस्त्र चालवणारे हात आपल्याच शहरातले होते, त्यांची जबाबदारी त्यांचीच. पण ज्याच्यापाशी प्रक्षेपणाचे साधन आहे, त्याचे तोंड मोठे असते. म्हणून त्याची जबाबदारीही मोठी असते. फॉलवेल यांनी आधी बोलायचे आणि नंतर माफी मागायची ही सवय आयुष्यभर जपली. बोललेले जिथे पोहोचते तिथे माफी पोहोचत नाही.

१५ मे २००७ रोजी ७३ वर्षांचे फॉलवेल विद्यापीठातील आपल्या कार्यालयात बेशुद्धावस्थेत सापडले आणि त्याच दिवशी त्यांचे निधन झाले.

मागे काय उरले

त्यांचा एक मुलगा विद्यापीठाचा प्रमुख झाला, दुसरा चर्चचा. विद्यापीठाच्या प्रमुख मुलाने २०१६ साली डोनाल्ड ट्रम्प यांना जाहीर पाठिंबा दिला आणि २०२० साली वैयक्तिक वर्तनाच्या वादातून त्याला पद सोडावे लागले. लिबर्टी विद्यापीठ आज ऑनलाइन शिक्षणाच्या बळावर अमेरिकेतील सर्वात मोठ्या ख्रिस्ती विद्यापीठांपैकी एक आहे. आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने रो खटल्याचा निकाल रद्द केला. फॉलवेल यांनी १९७८ साली पहिले प्रवचन दिले, त्यानंतर ४४ वर्षांनी आणि त्यांच्या मृत्यूनंतर १५ वर्षांनी. १९८० च्या एका निवडणुकीत जे मिळाले नाही, ते मतदारयाद्या, शाळा, विद्यापीठे आणि न्यायाधीशांच्या नेमणुका यांतून दोन पिढ्यांनी मिळवले.

धर्माच्या माणसाने राजकारणात पडूच नये, असा निष्कर्ष काही जण यातून काढतात. आम्हाला तो पटत नाही. डॉ. किंगही पाद्री होते. टूटू बिशप होते. बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला आणि राज्यघटनाही दिली. प्रश्न धर्म राजकारणात आला की नाही हा नसतो. तो कोणाच्या बाजूने उभा राहिला, हा असतो. सेल्माच्या पुलावरचा पाद्री आणि लिंचबर्गच्या व्यासपीठावरचा पाद्री एकच बायबल वाचत होते. एकाने ते दार उघडण्यासाठी वापरले, दुसऱ्याने दार लावून घेण्यासाठी.

फॉलवेल ज्या बाप्टिस्ट परंपरेत वाढले, तिचे पूर्वज व्हर्जिनियात अल्पसंख्य होते. अधिकृत चर्चची परवानगी न घेता प्रवचन दिले म्हणून त्यांना तुरुंगात टाकले जाई. १७८६ साली व्हर्जिनियाने धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला, त्यामागे या बाप्टिस्टांचा आग्रह होता. राज्यसत्तेने कोणत्याही एका पंथाचा हात धरू नये, ही त्यांचीच मागणी. त्यांच्या वारसाने दोनशे वर्षांनी संघटनेच्या नावातच बहुसंख्य हा शब्द घातला. छळ सोसलेल्यांचे वारस सत्तेच्या जवळ गेले की आपला इतिहास किती लवकर विसरतात, हे यात दिसते. हा इशारा फक्त बाप्टिस्टांपुरता आहे असे कोणी समजू नये.

संघटन कसे करावे हे फॉलवेल यांच्याकडून शिकण्यासारखे आहे: दारोदार जाणे, नोंद ठेवणे, छोट्या देणग्यांवर संस्था उभी करणे, निवडणूक हरली तरी शाळा चालू ठेवणे. आपल्या किती विहारांत अशी नियमित नोंद आहे, किती संस्थांचे हिशेब लोकांपुढे ठेवले जातात, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे. पण संघटन कशासाठी, हे त्यांच्याकडून शिकता येत नाही. त्यासाठी बूट पॉलिश करणाऱ्या त्या वृद्धाकडे जावे लागेल. त्याने एकच प्रश्न विचारला होता आणि कोणत्याही धर्माची, कोणत्याही चळवळीची परीक्षा त्या एका प्रश्नात होते. मी आत कधी येऊ?